पुसट रेघ म्हणजे निगेटिव्ह: जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सींना आणि मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

बोटीवर माणसं भरती करणाऱ्या एजन्सींचे मालक, मॅनेजर आणि खलाशांचं मेडिकल करणारे डॉक्टर, सर्वांना नमस्कार.

मी लॅब टेक्निशियन आहे. डीएमएलटी करून बावीस वर्षं झाली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं नवी मुंबईत, जिथे रोज सकाळी सातच्या आधीच पोरं फाइल हातात घेऊन जिन्यात रांग लावतात. कुणी गुहागरचा, कुणी दापोलीचा, कुणी थेट बिहार नाहीतर उत्तराखंडातून आलेला. मी स्वतः गुहागर तालुक्यातली. माझे वडील बोटीवर होते, दोन काका बोटीवर होते, आमच्या वाडीत ज्या घरावर स्लॅब पडला तो कुणाच्या तरी बोटीच्या पगारावर पडला. म्हणून हे पत्र लॅबमधली बाई म्हणून लिहिते आहे, तसं खलाशाची मुलगी म्हणूनही.

विषय एकच आहे. लघवीच्या तपासणीत गांजाचा अंश सापडला की तुम्ही त्या माणसाचं जॉइनिंग रद्द करता, आणि पुष्कळदा त्याचं नाव कायमचं बाजूला टाकता. ती तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे एकदा नीट समजून घ्या, एवढंच मागणं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. तपासणी हवीच. इंजिन रूममध्ये, क्रेनखाली, रात्रीच्या वॉचवर नशेतला माणूस नको, हे मला कुणी शिकवायला नको. 1987 च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या चेस या गावाजवळ रेल्वेचा अपघात झाला. मालवाहू इंजिनं सिग्नल ओलांडून प्रवासी गाडीच्या वाटेत आली, 16 माणसं मेली. इंजिन चालवणारे दोघेही गांजाच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाले. वाहतुकीत काम करणाऱ्यांची सक्तीची तपासणी करणारा अमेरिकेतला 1991 चा कायदा अशा अपघातांमधून आला. त्या 16 जणांच्या घरच्यांसमोर उभं राहून तपासणी नको असं मी म्हणणार नाही.

पण तपासणी करायची तर ती वाचता आली पाहिजे. आणि मी रोज बघते, ती वाचली जात नाही.

दोन वर्षांपूर्वीचा एक मुलगा सांगते. वय तेवीस. सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा, कोर्स केलेला, त्यासाठी घरच्यांनी सोसायटीतून कर्ज काढलेलं, मग वर्षभर एजन्सीच्या दारात फेऱ्या. शेवटी वायपर, म्हणजे इंजिन रूममधला साफसफाईवाला, म्हणून बोट मिळाली. मेडिकल दुसऱ्याच एका सेंटरवर झालं, त्याचं नाव मी घेणार नाही. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘टीएचसी: वीक पॉझिटिव्ह’, म्हणजे गांजाचा अंश थोडा आहे. एजन्सीने त्याच दुपारी त्याच्या जागी दुसरा पाठवला. मुलगा कुणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे आला. त्याच्या मोबाइलमध्ये त्या स्ट्रिपचा फोटो होता, तिथल्या मुलीने काढू दिला होता.

मी फोटो मोठा करून बघितला. टी अक्षरासमोर रेघ होती. पुसट, पण होती.

डॉक्टर मंडळींना हे माहीत असेल, मॅनेजर मंडळींना बहुधा नसेल, म्हणून सविस्तर सांगते. घरी गरोदरपणाची तपासणी करतात त्या पट्टीत रेघ उमटली म्हणजे ‘आहे’. गांजाच्या पट्टीत बरोब्बर उलट. पट्टीवर दोन जागा असतात. सी म्हणजे कंट्रोल, तिथे रेघ आलीच पाहिजे, नाहीतर पट्टीच बाद. टी म्हणजे टेस्ट. त्या टीच्या जागी गांजाच्या अंशासारखा पदार्थ आधीच चिकटवून ठेवलेला असतो. लघवी पट्टीवरून वर चढते तेव्हा वाटेतल्या रंगीत अँटीबॉडी सोबत घेऊन येते. लघवीत गांजाचा अंश नसेल तर त्या अँटीबॉडी मोकळ्याच असतात, त्या टीवर जाऊन चिकटतात आणि रेघ उमटते. लघवीत अंश पुरेसा असेल तर अँटीबॉडी वाटेतच त्याला धरून बसतात, टीपाशी चिकटायला कुणी उरत नाही, रेघ येत नाही. म्हणजे रेघ आली तर निगेटिव्ह, रेघ नाही तर पॉझिटिव्ह. आणि किटच्या कागदावर स्वच्छ छापलेलं असतं की रेघ कितीही पुसट असली तरी ती रेघच धरायची, निगेटिव्ह लिहायचं. वीक पॉझिटिव्ह नावाचा प्रकार या पट्टीत नाही. पाच मिनिटांनी वाचायची, दहा मिनिटांनंतर वाचायची नाही, हेही छापलेलं असतं. पण चाळीस सॅम्पल ओळीने ठेवलेली, एक मुलगी, त्यात बाहेरून कुणीतरी रिपोर्ट झाला का म्हणून काचेवर टकटक करतंय, मग कोण घड्याळ बघणार.

त्या मुलाची लघवी मी पुन्हा तपासली. निगेटिव्ह. पण आठ दिवस उलटले होते, त्यामुळे माझ्या रिपोर्टला अर्थ उरला नव्हता. बोट गेली होती. तो आता चिपळूणला एका गॅरेजमध्ये आहे. त्याने आयुष्यात गांजा ओढला होता की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशीच्या पट्टीने तो ओढलाय असं म्हटलं नव्हतं, एवढं मला पक्कं माहीत आहे.

हा झाला वाचण्यातला घोळ. तो शिकवून सुटतो. पुढचा घोळ खोल आहे, कारण तिथे पट्टी बरोबर वाचलेली असते आणि तरी निकाल चुकीचा दिला जातो.

गांजा, चरस, भांग यांतली नशा ज्या रसायनाची, ते टीएचसी. लघवीत आपण टीएचसी शोधत नाही. यकृत त्याचं रूपांतर करून जो उरलेला पदार्थ बनवतं, कार्बॉक्सी-टीएचसी, तो शोधतो. या उरलेल्या पदार्थाला नशा नसते. नशा ओढल्यावर काही तासांत उतरते, खाल्ली-प्यायली असेल तर जास्त तास टिकते, पण तीही उतरते. लघवीतला अंश मात्र मागे रेंगाळतो. का? कारण टीएचसी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. आपल्या घरातली लोणच्याची बरणी आठवा. लोणचं संपलं, बरणी पाण्याने तीनदा धुतली, तरी तेलाचा हात आणि हिंगाचा वास जात नाही. शरीराच्या चरबीत मुरलेलं टीएचसी असंच हळूहळू, थोडं थोडं रक्तात उतरतं, यकृतातून जातं आणि लघवीत येतं. काही दिवस, काही जणांत काही आठवडे.

किती दिवस, हे मला रोज विचारतात. पोरं कुजबुजत विचारतात, एजन्सीची माणसं फोनवर विचारतात. दोघांनाही एक आकडा हवा असतो आणि एक आकडा नाही. 50 नॅनोग्रॅमची पट्टी धरली तर साधारण असं आहे. आयुष्यात कधीतरी एकदा ओढलेल्याचं एक ते तीन दिवस, फार तर चार. आठवड्यातून तीन-चारदा ओढणाऱ्याचं आठवडाभर. रोज ओढणाऱ्याचं दहा-पंधरा दिवस. वर्षानुवर्षं दिवसातून अनेकदा ओढणाऱ्याचं महिनाभर किंवा त्याहून जास्त. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गांजाची जुनी सवय असलेल्या 86 जणांना देखरेखीखाली ठेवून, काहीही ओढू न देता त्यांची लघवी तपासत राहिले होते. मर्यादा तिथे जास्त कडक होती, 20 नॅनोग्रॅमची. अंश निघून जायला सरासरी 27 दिवस लागले. आणि लागोपाठ दहा दिवस निगेटिव्ह यायला एकाला तब्बल 77 दिवस लागले. अडीच महिने! त्या अडीच महिन्यांत त्याने एक झुरका घेतला नव्हता.

आता हा 50 चा आकडा काय आहे बघा. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले की एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये असे 50 भाग सापडले की पॉझिटिव्ह, 49 असले की निगेटिव्ह. ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी ठरवलेली आहे. अमेरिकेने 1988 मध्ये सरकारी नोकरांच्या तपासणीचे नियम केले तेव्हा ती 100 वर होती. 1994 मध्ये ती 50 वर आणली. म्हणजे 1993 मध्ये 70 नॅनोग्रॅमवाला माणूस स्वच्छ होता आणि पुढच्या वर्षी तेवढ्याच अंशाचा माणूस नशेबाज. आपल्याकडच्या बहुतेक किटवर हाच 50 छापून येतो. रेषा कुठेतरी असावी लागते, ते मला मान्य आहे. पण रेषेच्या अलीकडे-पलीकडे जे आहे ते माणसाचं चारित्र्य नाही.

आणि एकाच माणसाचा आकडा दिवसागणिक हलतो. आमटीत पाणी वाढवलं की अळणी लागते, मीठ मात्र तेवढंच असतं. सकाळची पहिली लघवी घट्ट, दुपारी दोन तांबे पाणी पिऊन दिलेली पातळ. म्हणून सोमवारी निगेटिव्ह आलेला माणूस बुधवारी पॉझिटिव्ह येऊ शकतो, मधल्या दिवसांत काहीही न घेता. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अशा वेळी एजन्सीचा माणूस म्हणतो, “बघा मॅडम, दोन दिवसांत पुन्हा ओढला.” नाही हो. पुन्हा ओढला की नाही हे ठरवायला त्याच लघवीत क्रिएटिनिन मोजावं लागतं. क्रिएटिनिनवरून लघवी किती घट्ट किती पातळ ते कळतं, त्या हिशेबाने गांजाचा आकडा दुरुस्त करून मग दोन दिवसांची तुलना करायची. क्रिएटिनिन 20 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर सॅम्पल पातळ आहे, ते पुन्हा घ्यायचं. किती एजन्सींच्या फॉर्मवर क्रिएटिनिनचा रकाना आहे? माझ्यासमोर वर्षानुवर्षं जे फॉर्म आले त्यांतल्या फार थोड्यांवर.

जाता जाता पोरांसाठीही सांगते, कारण हे पत्र तेही वाचतील. लिंबू, ताक, व्हिनेगर आणि बाजारात मिळणाऱ्या त्या महागड्या बाटल्या चरबीतलं काही धुऊन काढत नाहीत. लघवी पातळ होते, आणि पातळ लघवी आम्हाला दिसते. पैसे घालवू नका. बोटीवर जायचं असेल तर ओढू नका, हा एकच उपाय मला माहीत आहे.

आता माझ्या घरातलं सांगते. हे सांगावं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. ज्याचं आहे त्याला विचारून लिहिते आहे.

माझा चुलत भाऊ एबी, म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी, आहे. सोळा वर्षं बोटीवर, एकही तक्रार नाही. सुपारीच्या खांडालाही हात लावत नाही असा माणूस. मागच्या सुट्टीत गावी आला तो पोट बिघडलेलं घेऊनच. चार-पाच वेळा जावं लागायचं, वजन उतरलेलं. गावच्या वैद्यांनी ग्रहणी म्हणून चूर्ण दिलं, जातिफलादी. सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. त्याचं पोट खरंच सुधारलं. मग जॉइनिंगची तारीख आली, मेडिकल झालं, आणि पट्टीवर टीसमोर रेघ नाही. अजिबात नाही. यात वाचण्यातली चूक नव्हती.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज ओळखता येईना. “ताई, मी काही केलेलं नाही ग,” एवढंच तीनदा म्हणाला. मी त्याला म्हटलं, सुट्टीत जे जे पोटात गेलं ते आठव आणि सगळ्या बाटल्या, डब्या, पुड्या घेऊन ये. तो पिशवी घेऊन आला. ओवा, हिंगाष्टक, पॅन्टोप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट, आणि ती चूर्णाची डबी. मी चष्मा लावून डबीवरची बारीक अक्षरं वाचली. जायफळ, लवंग, वेलदोडा, दालचिनी, नागकेशर, कापूर, तगर... आणि ‘विजया’.

विजया म्हणजे भांग. आयुर्वेदात तिचं हेच नाव. औषधी द्रव्य कायद्याच्या नियमांत विषारी द्रव्यांची जी यादी आहे, तिच्यात भांग आहे, म्हणून अशा डबीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापावी लागते. ती छापलेलीही होती. वैद्यांनी औषध म्हणून दिलं, ते कायद्याने विकलं जातं, त्याने औषध म्हणून घेतलं. यात गुन्हा कुणाचाच नाही. पण भावाला विजया हे नाव बाईचं म्हणून माहीत होतं. चूर्ण देणाऱ्याने बोटीवरची तपासणी मनात आणली नाही, मेडिकल करणाऱ्याने काय औषधं चालू आहेत ते विचारलं नाही. फॉर्मवर रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं लिहायला जागा होती. चूर्णाला जागा नव्हती.

मी त्याला घेऊन एजन्सीत गेले, डबी टेबलावर ठेवली. समोरचा गृहस्थ सज्जन होता, ओरडला नाही. म्हणाला, “मॅडम, मालक परदेशात आहे, झिरो टॉलरन्स आहे, माझ्या हातात काही नाही.” मी म्हटलं, निदान पक्की तपासणी करा. तो म्हणाला, ती केली तरी पॉझिटिव्हच येईल ना? आणि इथे तो बरोबर होता. हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

पट्टीनंतरची पक्की तपासणी यंत्रावर होते, जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस. तिथे रेषा 15 नॅनोग्रॅमची. पट्टी कधी कधी फसते. पॅन्टोप्राझोलने काही पट्ट्यांवर गांजा पॉझिटिव्ह दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि ही गोळी आपल्याकडे घराघरात बडीशेपेसारखी खाल्ली जाते. एचआयव्हीवरच्या एफाव्हिरेन्झ या औषधानेही काही पट्ट्या फसतात. विचार करा, एखाद्याचा आजार त्याच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि पट्टीने त्याला गंजेटी ठरवलं, तर तो खुलासा काय करणार? यंत्र या औषधांना फसत नाही. म्हणून पक्की तपासणी झालीच पाहिजे. पण भांगेच्या चूर्णाच्या बाबतीत यंत्रही पॉझिटिव्हच सांगणार, कारण पदार्थ खराच तिथे आहे. चिलमीतला, काशीच्या ठंडाईतला की वैद्यांच्या डबीतला, हे यंत्राला कळत नाही. ते माणसाने विचारून, कागद बघून, डोकं लावून ठरवायचं असतं. परदेशात या कामासाठी वेगळा डॉक्टर नेमलेला असतो, प्रयोगशाळेचा निकाल आधी त्याच्याकडे जातो, तो माणसाशी बोलतो, औषधाच्या चिठ्ठ्या बघतो, मग मालकाला कळवतो. आपल्याकडे पट्टीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर थेट एजन्सीला जातो.

माझ्या भावाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. ती बोट गेली. चूर्ण बंद केलं, आठवड्याने तपासलं, अंश होता. अठराव्या दिवशी तपासलं, नव्हता. दुसऱ्या एजन्सीने सात महिन्यांनी घेतलं, एबी म्हणूनच. सात महिने त्याने घरात पगार आणला नाही, आणि वाडीत लोक काय बोलत होते ते मी इथे लिहीत नाही.

तुम्ही म्हणाल, विमानाच्या पायलटला एवढं कडक असतं, मग खलाशाला का नको. बघू या पायलटला काय असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे यासंबंधीचे नियम 31 जानेवारी 2022 पासून लागू झाले. त्यात पहिल्या पट्टीवर अंश दिसला तर त्याला पॉझिटिव्ह म्हणतच नाहीत, ‘नॉन-निगेटिव्ह’ म्हणतात. माणसाला तेवढ्यापुरतं कामावरून बाजूला ठेवतात, सॅम्पल पक्क्या तपासणीला जातं, आणि तो निकाल आला की मगच पुढचं. पक्क्या तपासणीत पहिल्यांदा सापडला तरी त्याला समुपदेशनाला, व्यसनमुक्तीला पाठवायची वाट ठेवली आहे. लायसन्सवर गदा दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला येते. तीनशे प्रवासी मागे बसलेल्या माणसाला हा न्याय. मग इंजिन रूममध्ये तेल पुसणाऱ्या वायपरला एका पट्टीवर घरी का?

खुद्द अमली पदार्थांचा 1985 चा कायदासुद्धा वाट ठेवतो. त्यातल्या 64-अ कलमात, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण दिलेलं आहे. कायदा ज्याला सांभाळून घ्यायला तयार आहे, त्याला आपण चहा संपायच्या आत निकालात काढतो.

आणखी एक. ही तपासणी न्याय करत नाही, ती कशी ते बघा. हेरॉइनचा किंवा कोकेनचा अंश लघवीतून साधारण दोन-चार दिवसांत जातो. म्हणजे जो माणूस या सगळ्यांत घातक नशा करतो, तो चार दिवस कळ काढून स्वच्छ रिपोर्ट घेऊन बोटीवर चढू शकतो. आणि तीन आठवड्यांपूर्वी सवय सोडलेला, मनापासून सुधारू बघणारा गांजावाला अडकतो. दारूचं तर विचारूच नका. तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत श्वासाची मर्यादा आहे, एका लिटर श्वासात 0.25 मिलिग्रॅम, म्हणजे त्या घटकेला तो माणूस किती प्यायलेला आहे ते मोजतात. काल रात्रीची पार्टी कुणी मोजत नाही. गांजाचं मात्र मागच्या महिन्याचं मोजतो आणि आजची नशा म्हणून शिक्का मारतो.

तेव्हा माझं मागणं काय? पट्टीवर कुणाचंही जॉइनिंग कायमचं रद्द करू नका. सॅम्पल घेतानाच दोन बाटल्यांत घ्या, दोन्हींवर त्या माणसासमोर सील लावा, त्याची सही घ्या, एक शीतकपाटात ठेवा. पट्टी नॉन-निगेटिव्ह आली तर दुसरी बाटली एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याच्या मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवा. यंत्राचा खर्च पट्टीपेक्षा बराच जास्त आहे, मला माहीत आहे. तो खर्च एजन्सीला जड असेल तर त्या मुलाला विचारा, तो देईल, उसने आणून देईल, कारण दुसऱ्या बाजूला त्याची आख्खी नोकरी आहे. पण विचारा तरी. तोपर्यंत त्याच्या नावापुढे ‘ड्रग पॉझिटिव्ह’ असं लिहून ते चार एजन्सींना फिरवू नका. एकदा फिरलेलं पुसता येत नाही.

डॉक्टरांना वेगळी विनंती. कप हातात देण्याआधी दोन मिनिटं बसवून विचारा: गेल्या दोन महिन्यांत कुठलं औषध, चूर्ण, वटी, मोदक, कुठल्या बाबाची पुडी? शिवरात्रीला काशी-उज्जैनला गेला होतास का, ठंडाई घेतलीस का? महाराष्ट्रात भांगेला दारूबंदीच्या कायद्याने अटकाव आहे, पण उत्तर प्रदेशात, राजस्थानात ती सरकारी परवान्याच्या दुकानातून मिळते आणि आपली माणसं देवदर्शनाला तिथे जातात. घेतली असेल तर ते लिहून ठेवा. माफ करा असं मी म्हणत नाही. बोट चार दिवसांवर असेल तर त्याला त्या बोटीवर पाठवूही नका. पण तीन आठवड्यांनी पुन्हा बोलवा, क्रिएटिनिनसकट तपासा, आकडा उतरत असेल तर तो पुढच्या बोटीवर जाऊ शकतो. आकडा उतरण्याऐवजी चढला, तर तो घेतोच आहे, मग तुमचा निर्णय तुम्ही घ्या आणि माझी सही त्याखाली घ्या.

माझ्या स्वतःच्या टेबलावर मी काय बदललं तेही सांगते, म्हणजे फक्त दुसऱ्यांना सांगते असं व्हायला नको. पट्टी लावली की टायमर लावते, पाच मिनिटांचा. पाचव्या मिनिटाला पट्टीचा फोटो, शेजारी घड्याळ आणि सॅम्पलचा नंबर दिसेल असा. टी रेघ पुसट असेल तर हाताखालच्या मुलीला मोठ्याने विचारते, “रेघ आहे की नाही?” ती ‘आहे’ म्हणाली की निगेटिव्ह, पुढचं सॅम्पल. रिपोर्टवर पॉझिटिव्ह हा शब्द मी पट्टीसाठी लिहायचं बंद केलं आहे. ‘प्राथमिक चाचणीत अंश आढळला, पक्की चाचणी आवश्यक’ असं लिहिते. दोन एजन्सींनी त्यावरून फोन केले, साधं यस किंवा नो लिहा म्हणाले. मी लिहिलं नाही. एकाने सॅम्पल पाठवणं बंद केलं. दुसऱ्याने आता पक्की चाचणी करायला सुरुवात केली आहे.

पुढच्या सोमवारी सकाळी पुन्हा जिन्यात रांग असेल. तुमच्या फॉर्ममध्ये औषधांचा आणि क्रिएटिनिनचा असे दोन रकाने वाढवायला एक दिवसही लागणार नाही. वाढवलेत तर मला कळेलच, कारण ते फॉर्म माझ्याच टेबलावर येतात.

आपली,
एक लॅब टेक्निशियन
नवी मुंबई